मुख्याध्यापक बदलला की मुलं शिकतात का? आश्रमशाळांवर संशोधन करू इच्छिणाऱ्यांसाठी

‘मुख्याध्यापकांच्या नेतृत्वशैलीचा आदिवासी विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक संपादणुकीवर होणारा परिणाम : एक चिकित्सक अभ्यास.’ असं किंवा याच्या जवळपासचं शीर्षक तुम्ही विद्यापीठाच्या ग्रंथालयात नक्की पाहिलं असेल. पेट पास झाल्यावर तुमच्या स्वतःच्या आराखड्यावरही कदाचित तेच येईल. विषयाला नावं ठेवायची नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात १ कोटी ५ लाख आदिवासी आहेत. राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर, आणि आदिवासींची ६५.७. एवढी दरी असताना हा विषय जुना झाला असं कोण म्हणेल? अडचण आहे ती शीर्षकातल्या ‘परिणाम’ या शब्दाची. मुख्याध्यापक वर्गात शिकवत नाही, किंवा शिकवलं तर एखादाच तास. मग त्याचा परिणाम सातवीतल्या मुलाच्या वाचनापर्यंत पोहोचतो कसा? हा रस्ता आराखड्यात काढून दाखवला नाही, तर पुढची प्रश्नावली, टी-टेस्ट, सगळं हवेत राहतं.

आधी जगात काय सापडलंय ते बघू. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक महा-विश्लेषण प्रसिद्ध केलं. महा-विश्लेषण म्हणजे आधी झालेल्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेला निष्कर्ष. त्यांनी नेतृत्वाचे दोन प्रकार तोलले. एक प्रेरणा देणारं, ध्येय दाखवणारं नेतृत्व. दुसरं थेट अध्यापनाशी भिडणारं, म्हणजे काय शिकवलं जातंय, मुलांना किती येतंय, शिक्षकाला कुठे अडतंय हे बघणारं. दुसऱ्या प्रकाराचा मुलांच्या शिकण्यावरचा परिणाम पहिल्याच्या तीन ते चार पट निघाला. मग त्यांनी मुख्याध्यापक नेमकं काय करतो याचे पाच गट पाडले. त्यात सगळ्यात वर आलेली गोष्ट कोणती? शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि स्वतः त्यात बसणं. परिणामाचा आकार ०.८४. शिक्षणशास्त्रात ०.४ मिळालं तरी लोक खूश होतात, यावरून अंदाज घ्या.

पण थांबा. हा आकडा उचलून थेट आपल्या आराखड्यात चिकटवू नका. पाच गटांची ही तुलना फक्त १२ अभ्यासांवर उभी आहे, आणि एकूण अभ्यासांतले बहुतेक अमेरिकेतले आहेत. तिथल्या प्रिन्सिपलला संध्याकाळच्या भाजीची काळजी नसते.

आपल्याकडच्या आश्रमशाळेत ती असते. आदिवासी विकास विभागाच्या जवळपास ५०० शासकीय आणि साधारण ५५० अनुदानित आश्रमशाळा आहेत. निवासी शाळा, पहिलीपासून मुलं तिथेच राहतात. अधीक्षक, अधीक्षिका, स्वयंपाकी, कामाठी ही पदं असतात, पण एखादं रिकामं असलं किंवा कोणी रजेवर गेलं की काम वर सरकत सरकत मुख्याध्यापकाच्या टेबलावर येतं. पाण्याची मोटर जळाली, एका मुलीला ताप आला, डीबीटीसाठी कोणाचं बँक खातं आधारला जोडलेलं नाही, कोणाचा बाप भेटायला आलाय. त्यात तो स्वतःच प्रभारी असेल तर गणिताचे तासही त्याच्याकडेच. म्हणजे ज्या एका गोष्टीचा परिणाम सगळ्यात मोठा निघाला, शिक्षकांबरोबर बसून अध्यापनाचा विचार करणं, तिलाच त्याच्या दिवसात जागा उरत नाही.

दुसरी गुंतागुंत रचनेची. जिल्हा परिषदेच्या शाळेवर केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी अशी शिक्षण खात्याची साखळी असते. आश्रमशाळेची साखळी वेगळी : प्रकल्प कार्यालय, अप्पर आयुक्त, नाशिकचं आयुक्तालय. प्रकल्प कार्यालयातही शिक्षण विस्तार अधिकारी असतात, पण त्याच कार्यालयाकडे घरकुलापासून विहिरीपर्यंतच्या योजना असतात. शाळा तिथे अनेक कामांतलं एक काम. नेतृत्वाचा अभ्यास करताना फक्त मुख्याध्यापकाचा स्वभाव मोजलात आणि ही साखळी सोडून दिलीत, तर माणसाच्या माथी व्यवस्थेचा दोष मारल्यासारखं होईल.

आता ‘आदिवासी विद्यार्थी’ या चलाकडे या. हे एक चल नाहीच. मेळघाटातल्या मुलाची कोरकू भाषा मुंडा कुळातली, मराठीशी तिचं काही नातं नाही. गोंडी, माडिया, कोलामी या द्राविडी. भिल्ली आणि वारली मात्र मराठीच्या त्यातल्या त्यात जवळच्या. पहिलीच्या वर्गात तिघांनाही मराठी पुस्तक मिळतं, पण तिघांपुढचा डोंगर सारख्या उंचीचा नाही. त्यात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या समाजांची शासनाकडे विशेष असुरक्षित आदिम जमाती म्हणून वेगळी नोंद आहे. ‘एसटी’ असा एकच रकाना भरून तुम्ही हे सगळं एका पोत्यात घातलंत, तर निष्कर्ष कोणाबद्दल काढला हे तुम्हालाही सांगता येणार नाही. आमच्या जालना जिल्ह्यात आदिवासी फार कमी. त्यामुळे इथल्या कोणी हा विषय घेतला तर कळमनुरी किंवा किनवटकडे जावं लागतं. तिथेही आंध आहेत, गोंड आहेत, कोलाम आहेत, आणि त्यांची घरची भाषा एक नाही.

नेतृत्व म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे केबिनमधली खुर्ची येते. महाराष्ट्रातलं सगळ्यात चांगलं उदाहरण मात्र खुर्चीचं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ च्या सुमारास ते डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आज देशभर चालणारा ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातून आलेला. कोसबाडला वारली मुलं गुरं चारायला जात, तर त्यांच्यासाठी कुरणातच शाळा, कुरणशाळा. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी थांबत, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी, तिचं नाव विकासवाडी. संशोधक म्हणून यात मला जे दिसतं ते असं : त्यांनी गैरहजेरीला मुलाचा दोष मानलं नाही. शाळेची जागा, वेळ आणि मांडणी चुकली असेल असं धरून त्या बदलत गेल्या. हा मोजता येण्यासारखा गुण आहे. तुमच्या मुलाखतीत ‘मुलं का गळतात?’ असा प्रश्न टाका. उत्तरात किती कारणं घरावर ढकलली आणि किती शाळेवर घेतली, त्याची नोंद करा. कोणत्याही तयार नेतृत्वशैली-मापिकेपेक्षा यातून जास्त कळेल, असं माझं मत.

परदेशातली एक जोडी मात्र प्रत्येकाने वाचावी. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या चेरबर्ग या आदिवासी वस्तीच्या शाळेत १९९८ मध्ये ख्रिस सारा मुख्याध्यापक झाले, त्या शाळेचे पहिले आदिवासी मुख्याध्यापक. मुलांकडून कमी अपेक्षा ठेवायची सवय त्यांनी मोडली, गावातल्या जाणत्या लोकांना शाळेत आणलं, हजेरी वाढली, नाव झालं. पुढे हीच पद्धत इतर शाळांच्या मुख्याध्यापकांना शिकवण्याचा मोठा प्रकल्प उभा राहिला. त्याचं मूल्यमापन अ‍ॅलन ल्यूक आणि त्यांच्या गटाने २०१३ मध्ये दिलं. मुख्याध्यापकांची भाषा आणि दृष्टी बदलली होती, पण चाचण्यांचे गुण आणि हजेरी यांत एकूण सुधारणेचा पुरावा सापडला नाही. यावरून सारा खोटे ठरत नाहीत. एका शाळेत जे घडलं त्यात माणूस, गाव, वेळ सगळं मिसळलेलं होतं. त्यातलं फक्त ‘प्रशिक्षण’ काढून दुसरीकडे नेलं की बाकीचं मागेच राहतं. आपल्याकडेही ‘एका मुख्याध्यापकाने शाळेचं रूप पालटलं’ अशा बातम्या दर महिन्याला येतात. त्या जरूर वाचा, पण पुरावा म्हणून वापरताना हे मूल्यमापन आठवा.

आता नमुन्याचं बोलू, कारण जास्तीत जास्त आराखडे इथे घसरतात. इथे बदनापूरला कृषी संशोधन केंद्र आहे, तुरीचं बीडीएन ७११ हे वाण तिथलंच. नवं वाण सरस आहे का हे बघायला एक प्लॉट नव्या वाणाचा आणि एक जुन्याचा लावून कोणी मोकळं होत नाही. एका प्लॉटमध्ये २०० झाडं मोजली म्हणजे २०० पुरावे होत नाहीत. जमीन, पाणी, सावली त्या सगळ्या झाडांना एकच असते. म्हणून तेच वाण अनेक प्लॉटमध्ये पुन्हा पुन्हा लावतात. शाळेचंही तसंच. १२ आश्रमशाळांतली १,२०० मुलं घेतलीत, तरी मुख्याध्यापक १२ च. नेतृत्वाच्या प्रश्नासाठी तुमचा नमुना १२ आहे. १,२०० वर टी-टेस्ट लावली की निष्कर्ष सार्थ येण्याची शक्यता उगाच वाढते, आणि तो फुगवलेला असतो. बहुस्तरीय विश्लेषण शिकून घ्या, किंवा शाळा कमी असतील तर सरळ गुणात्मक अभ्यास करा. त्यात कमीपणा काही नाही. विज्ञान शाखेतून आलेल्यांना तो उगाच वाटतो.

आकडेच हवे असतील तर बदल्यांकडे बघा. शासकीय आश्रमशाळांत मुख्याध्यापकांच्या बदल्या होतात. शाळा तीच, गाव तेच, माणूस बदलला. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षांची हजेरी, चौथीतून पाचवीत टिकलेली मुलं, दहावीचा निकाल ताडून बघता येतो. फक्त बदली का झाली हे विचारायला विसरू नका. बिघडलेल्या शाळेत मुद्दाम चांगला माणूस पाठवला असेल, तर तुलना तिथेच वाकडी होते. अनुदानित शाळा संस्थेच्या असतात, तिथे माणसं वर्षानुवर्षं तीच, त्यामुळे ही युक्ती तिथे फारशी चालत नाही.

प्रश्नावलीबद्दल एकच सांगतो. ‘मुख्याध्यापक आपणांस प्रेरणा देतात का?’ हा तक्ता शिक्षकांना वाटून परत गोळा करायला मुख्याध्यापकाच्याच हाती दिला, तर उत्तरं काय येणार? पाकिटं बंद ठेवा, स्वतः गोळा करा. मुलांचे आईबाप लांबच्या पाड्यावर असतात, म्हणून त्यांच्या संमतीऐवजी शाळेचा शिक्का घेऊन भागवू नका. पालक शाळेत येतात तो दिवस विचारून ठेवा आणि त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस सोबत न्या.

प्रश्नावली छापण्याआधी एका शाळेत आठवडाभर राहा आणि मुख्याध्यापकाचा दिवस तासातासाने वहीत लिहा : कुठे होता, कोणाशी, कशासाठी. परवानगीचा अर्ज प्रकल्प कार्यालयाकडे करावा लागतो, तो आराखडा मंजूर व्हायच्या आधीच तयार ठेवा. एप्रिल लागला की वार्षिक परीक्षा, मग मुलं गावाला जातात, आणि शाळा पुन्हा भरते ती जूनमध्येच.