शिटेतील युरिक आम्ल आणि मेंदूतील टंचाई

क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स या रोगकारक यीस्टला, म्हणजे एकपेशीय बुरशीला, प्युरिनशी दोन व्यवहार करावे लागतात : बाहेरचे प्युरिन मोडून त्यातला नत्र मिळवणे आणि स्वतःच्या डीएनए-आरएनएसाठी नवे प्युरिन घडवणे. ठरल्याप्रमाणे या आठवड्यात औषधांकडे वळायचे होते. परंतु जोहे येथील गणपतीच्या कारखान्यातून आलेली एका वाचकाची विचारणा पहिल्या व्यवहाराच्या मुळाशीच जाते, म्हणून औषधे एक आठवडा थांबतील. शेडच्या वाशांवर बसणाऱ्या पारव्यांची शीट मूर्तींच्या फळ्यांवर साचते, ती खरवडताना उडणाऱ्या धुळीने मेंदूज्वर होतो हे खरे काय, असे त्यात विचारले आहे. मुंबईतल्या कबुतरखान्यांवरून 2025 मध्ये वाद पेटल्यापासून ही शंका अनेकांना भेडसावते.

पक्षी शरीरातला नको असलेला नत्र मुख्यतः युरिक आम्लाच्या रूपात टाकतात. शिटेतला पांढरा भाग तो हाच, आणि युरिक आम्ल हे प्युरिनच होय. माणसाचे शरीरही प्युरिन मोडत युरिक आम्लापाशी थांबते, कारण ते पुढे तोडणारे युरेट ऑक्सिडेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, मानवी वंशात निकामी झाले आहे. हे यीस्ट मात्र थांबत नाही : युरिक आम्लापासून अॅलँटोइन, त्यापासून पुढे युरिया, आणि शेवटी युरिएज या विकराच्या साह्याने अमोनिया, अशी उतरंड ते पुरी उतरते. चेस्टर एमन्स यांनी 1955 मध्ये ते कबुतरांच्या शिटेत दाखवून दिले. खुद्द कबुतर सहसा आजारी पडत नाही, कारण त्याच्या शरीराचे 41-42 अंश तापमान यीस्टला सोसत नाही. (शिटेतून ते वेगळे ओळखण्याची युक्ती श्टाइब या जर्मन संशोधकाने 1962 मध्ये सुचवली : चटणीच्या कारळ्यांचा अर्क घातलेल्या माध्यमावर याच्या वसाहती तपकिरी होतात. कारळ्यांचा हा मान मराठी स्वयंपाकघराला फारसा ठाऊक नाही.)

मग शिटेवर पोसण्याची हीच क्षमता रोगाला कारण होते, असे म्हणावेसे वाटते. पण ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2013 मध्ये युरिक आम्ल मोडणारी जनुके एकेक करून काढली, तेव्हा युरिएजच्या आधीच्या पायऱ्या गमावलेले यीस्टही उंदरांना तितकेच आजारी पाडत राहिले. अर्थात उंदरात युरेट ऑक्सिडेज शाबूत असल्याने त्याच्या रक्तात युरिक आम्ल थोडेच असते, त्यामुळे हा निकाल माणसाला जसाच्या तसा लावणे घाईचे ठरेल. युरिएजची गोष्ट निराळी आहे; ते नसलेले यीस्ट उंदरात स्पष्टपणे दुबळे पडते, आणि मेंदूच्या केशवाहिन्यांतून आत शिरण्यास ते विकर मदत करते.

खरी कसोटी लागते ती दुसऱ्या व्यवहारात, घडणीत. रुग्णालयात ज्याला ‘पाठीतले पाणी’ म्हणतात त्या मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात तयार प्युरिन तुटपुंजे असते. पर्फेक्ट व सहकाऱ्यांनी 1993 मध्ये एडीई-2 हे घडणीतले एक जनुक बिघडवले. अशा यीस्टच्या वसाहती प्रयोगशाळेत गुलाबी दिसतात, कारण अर्धवट राहिलेले द्रव्य पेशीत साचून रंगते. तेथे आयते अॅडेनिन मिळाले की ते सुखाने वाढते, सशाच्या मेंदूभोवतीच्या द्रवात मात्र त्याची वाढ होत नाही. ग्वानिनयुक्त जीटीपी घडवणाऱ्या शाखेतील विकरे काढल्यावरही, 2012 आणि 2017 मधील अभ्यासांनुसार, रोगकारकता अशीच ढासळते. शिटेत प्युरिनची चंगळ आणि मेंदूत टंचाई, या दोन्ही ठिकाणी एकाच पेशीला निभावून न्यायचे असते.

आता वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर. धुळीतून हे यीस्ट श्वासावाटे फुप्फुसात जाऊ शकते, तरी निरोगी माणसाला त्यातून मेंदूज्वर क्वचितच होतो. एचआयव्हीबाधित किंवा मूत्रपिंड बदललेल्या, म्हणजे प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाने मात्र हे काम करूच नये. वाळलेली शीट कोरडी खरवडू वा झाडू नये, आधी पाणी मारून भिजवावी, आणि शाडूची कच्ची मूर्ती पाण्याने विरघळते म्हणून मूर्ती त्याआधी दुसऱ्या शेडमध्ये हलवाव्यात.