चित्र बरोबर, उत्तर बरोबर, तरी पॉइंट शून्य! पिक्शनरी खेळताना चिठ्ठ्या आपल्याच का हव्यात?

समजा, दिवाळीची सुट्टी आहे आणि वलगावातल्या एका घरी पुण्याचे पाहुणे आलेत. दोन टीम पडल्या. वऱ्हाडी पोराने चिठ्ठी उचलली, त्यावर शब्द आहे 'सांबार'. त्याने पटापट काड्या काढल्या, वर बारीक पानं, खाली दोरा बांधलेली जुडी. समोरून पुण्याची बहीण ओरडतेय, "कोथिंबीर, कोथिंबीर, अरे कोथिंबीरच आहे ना!" पोरगा कपाळावर हात मारतोय. मिनिट संपलं. पॉइंट शून्य.

कारण वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्यात सांबार म्हटलं की सोबत इडली लागते.

हा घोळ ज्या खेळात होतो त्याचं नाव पिक्शनरी. दमशराज माहितीये ना? तेच, फक्त हातवाऱ्यांच्या जागी पेन्सिल. कार्डावरचा शब्द एकाने चित्र काढून दाखवायचा आणि त्याच्याच टीमने एका मिनिटात ओळखायचा. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, अक्षर किंवा आकडा काढायचा नाही. ओळखलं की सोंगटी पटावर पुढे सरकते. काही कार्डांवर दोन्ही टीम एकदम काढायला बसतात, तेव्हा घरात जो आरडाओरडा होतो तो शेजारच्यांनाही ऐकू जातो.

हा खेळ आणला अमेरिकेतल्या रॉब एंजल या तरुणाने. तो सिएटलमध्ये वेटरचं काम करायचा. मित्रांसोबत घरी खेळायचा तो खेळ त्याने १९८५ साली बाजारात आणला. पहिले फक्त १००० डबे होते आणि त्यातली कार्डं हाताने लावून भरलेली. पुढे खेळ जगभर गेला आणि २००१ मध्ये मॅटेल कंपनीने तो विकत घेतला.

आता यातली गंमत बघा. एंजल शब्द गोळा करायला बसला तो डिक्शनरी घेऊन. त्याने पहिला शब्द लिहिला 'आर्डवार्क'. हा आफ्रिकेतला मुंग्या खाणारा प्राणी. आता हे कार्ड वलगावात कोणाच्या हातात पडलं तर तो काय काढणार? डुक्कर काढेल, नाहीतर कार्ड खाली ठेवेल.

म्हणजे विकतच्या डब्यात पट, घड्याळ, पेन्सिल सगळं चालतं, फसतात ते शब्द. इंग्रजी कार्डं वाचता येणारी शहरातली दोन पोरं खेळतात आणि आजी, मावशी, गावातली भावंडं बघत बसतात. 'मला चित्र नाही काढता येत' म्हणून माणसं मागे सरतात असं वाटतं, पण बऱ्याचदा खरं कारण कार्डावरचा शब्द असतो.

चित्रकलेचा इथे तसा फार संबंधच नाही. ग्लासगो विद्यापीठाच्या सायमन गॅरड आणि सहकाऱ्यांनी २००७ साली पिक्शनरीसारखाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच गोष्टी जोडीदारासाठी पुन्हा पुन्हा काढायला लावल्या, तेव्हा चित्रं फेरीगणिक साधी होत गेली. शेवटी दोन-चार रेघांत काम भागायला लागलं. पण समोरून प्रतिसादच मिळत नव्हता, तिथे चित्रं उलट जास्त किचकट झाली. समोरच्याला आधीपासून काय ठाऊक आहे, त्यावर सगळं चालतं.

याचं वलगावातलं उदाहरण द्यायचं तर 'गाडगेबाबा' ही चिठ्ठी. चेहरा काढायची गरजच नाही. एक खराटा आणि एक मडक्याचं खापर, पाच सेकंदांत उत्तर. बाबांचा जन्म याच जिल्ह्यातल्या शेंडगावचा आणि २० डिसेंबर १९५६ ला त्यांनी देह ठेवला तो वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी. इथे हे चित्र न ओळखणारा माणूस शोधावा लागेल.

मग चिठ्ठ्या कशा करायच्या? जुन्या लग्नपत्रिका कापा. प्रत्येकाने, अगदी आजीनेही, दहा-दहा शब्द सांगायचे. वावर, कुटार, बंडी, गिला वडा, रोडगे, भेद्रं. लिहिता येत नसेल तर दुसऱ्याने लिहून घ्यायचं. वेळ लावायला मोबाईल आहेच.

गावांची नावं तर टाकाच. पिक्शनरीत शब्द तोडून काढायला परवानगी आहे आणि त्या बाबतीत मराठी फार सोयीची. नाग काढा, पुढे पूर आलेली नदी काढा, झालं नागपूर. चंद्र आणि बाजार काढला की चांदूर बाजार. अचलपूर कसं काढायचं ते मात्र ज्याचं त्याने बघावं.

एक फेरी वर्णनाची ठेवली तर आणखी मजा. १९८९ साली आलेल्या टॅबू या खेळात हेच असतं. शब्द तोंडी समजावून सांगायचा, पण कार्डावर लिहिलेले पाच शब्द उच्चारायचे नाहीत. समजा शब्द आहे 'पऱ्हाटी', बंदी आहे कापूस, बोंड, सरकी, शेत आणि पांढरा या शब्दांवर. शहरातलं पोरगं इथे अडकतं. आजी म्हणते, "याच्या काड्या आपण चुलीत जाळतो," आणि मोकळी होते. इथे आजी ज्या टीममध्ये, ती टीम पुढे.

एक काळजी घ्या. वखर, डवरा आणि तिफन या तिन्ही चिठ्ठ्या एकाच डब्यात टाकायच्या असतील तर कोणत्या औताला काय काढायचं ते खेळाआधीच ठरवून घ्या. एका मिनिटात काढलेली ती तिन्ही चित्रं सारखीच दिसतात आणि मग 'तिफनीला नळ्या कुठायत?' यावरून सुरू झालेलं भांडण जेवणाच्या ताटापर्यंत जातं.