गिअरबॉक्सच्या ऑईलला जादा कूलर : कोणी बसवावा, कोणी बसवू नये



गळीत हंगाम तोंडावर आला की कारखान्याच्या वाहन विभागात वाहतूकदार सभासदांची वर्दळ सुरू होते. टायर, हूक, ट्रॉलीचे पाटे, मागचे दिवे ही नेहमीची चौकशी. या वेळी मात्र आठ-दहा दिवसांच्या आत तीन सभासदांनी मला एकच प्रश्न विचारला. "साहेब, गिअरबॉक्सच्या ऑईलला वेगळा कूलर बसवून घ्यावा म्हणतोय. काय करू?" पहिले दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टरवाले. दुसरे आमचे आण्णा, त्यांच्याकडे ऑटोमॅटिक गिअरची डिझेल जीप आहे आणि तिच्यामागे ट्रेलर लावून ते उसाची रोपे घाटावर पोचवतात. तिसरा तरुण सभासद, कर्ज काढून ऊस तोडणी यंत्र घेतलेला. तिघांनाही कोणी ना कोणी कूलर विकायला बसला होता. प्रश्न एकच, पण तिघांना दिलेली उत्तरे वेगवेगळी आहेत. ती का, हे सर्वांना समजावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी ऑईल तापते कशाने ते पाहू. इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाताना वाटेत जेवढी गळते, तेवढ्याची उष्णता होते. दुसरे काही होत नाही. गिअरच्या दात्यावर दाता घट्ट बसून फिरतो तिथे गळती फार थोडी. पण जिथे एक भाग दुसऱ्याला ऑईलच्या जोरावर फिरवतो, तिथे घसर आली आणि घसर आली की ताप आला.

ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत पायाने दाबायचा क्लच नसतो. त्याच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर नावाचा ऑईलने भरलेला बंद डबा असतो. टेबलावर दोन पंखे समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी ऑईल घातले की झाला कन्व्हर्टर. या युक्तीचे मूळ गाडीत नाही, जहाजात आहे. हेर्मान फॉटिंगर या जर्मन इंजिनिअरने १९०५ साली जहाजाच्या टर्बाईनची ताकद पंख्याला देण्यासाठी ती काढली. पुढे ती मोटारीत आली. दुसरा पंखा पहिल्यापेक्षा नेहमी थोडा मागे राहतो, ही घसर. सपाट रस्त्याला गाडी वेगात आली की आतला लॉक-अप क्लच दोन्ही पंख्यांना एकत्र जखडतो आणि घसर थांबते. पण चढाला, ओझे मागे असताना, गाडी हळू चालली की हे कुलूप उघडते आणि घसर सुरू होते. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतही जोरात ओढते, म्हणून चालकाला वाटते गाडी मस्त चाललीय. आत काय शिजतेय त्याचा पत्ता लागत नाही.

थोडा हिशेब करू. समजा चढावर इंजिन १०० अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ७५ किलोवॉट देते आहे आणि कन्व्हर्टरमधून त्यातले शंभरात ऐंशीच पुढे जातात. राहिलेले १५ किलोवॉट ऑईलमध्ये. घरचा गिझर साधारण २ किलोवॉटचा असतो. म्हणजे सात-साडेसात गिझर त्या आठ-दहा लिटर ऑईलखाली पेटलेले आहेत असे समजा! आता पन्नास अश्वशक्तीच्या साध्या ट्रॅक्टरचा हिशेब घ्या. गिअरच्या दात्यांत शंभरात चार-पाच गेले तरी दोन किलोवॉटच्या आतबाहेर, म्हणजे एक गिझर. तोही तीसचाळीस लिटर ऑईलला आणि एवढ्या मोठ्या ओतीव लोखंडाच्या पेटीला, जी दिवसभर वाऱ्यावर उघडी असते.

हा फरक ध्यानात ठेवला की पुढचे सगळे सोपे आहे.

आता आण्णांची जीप. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑईल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला सुखाने राहते. त्यावर दर दहा अंशांनी आयुष्य अंदाजे निम्मे होते असा मेकॅनिक लोकांचा ठोकताळा आहे. तो तंतोतंत नसला तरी दिशा बरोबर दाखवतो. १२० च्या पुढे ऑईल जळू लागते, आतल्या व्हॉल्व्हवर लाखेसारखा थर बसतो, रबरी सील कडक होतात. मग गिअर उशिरा पडतो, धक्का बसतो, कधी गाडी नुसती घोंगावते आणि पुढे सरकत नाही. ऑईल तपकिरी-काळे पडून त्याला करपट वास आला तर उशीर झाला असे समजावे. त्या अवस्थेत कूलर बसवणे म्हणजे पीक वाळल्यावर पाटाला पाणी सोडणे. आधी गिअरबॉक्स जाणत्या माणसाकडून तपासून घ्या.

कंपनी कूलर देत नाही असे नाही. पुष्कळ गाड्यांत तो रेडिएटरच्या टाकीच्या आतच असतो, काहींत गिअरबॉक्सच्या अंगाला चिकटवलेला असतो, आणि इंजिनाचे पाणी त्या ऑईलची उष्णता घेते. पण इंजिनाचे पाणीच ९० अंशांच्या आसपास असते. नव्वदच्या पाण्याने ऑईल नव्वदच्या खाली कसे येणार? चढावर पाणीही तापते, मग दोघेही एकमेकांना तापवत बसतात. जादा कूलर हा वाऱ्यावर चालणारा असतो. उन्हाळ्यातला चाळीस अंशांचा वारासुद्धा नव्वदच्या पाण्यापेक्षा कितीतरी थंड. सबब ज्यांची डिझेल गाडी ऑटोमॅटिक आहे आणि जे नेहमी ट्रेलर ओढतात, घाट चढतात, त्यांनी जादा कूलर बसवणे योग्य आहे. आण्णांना मी हो म्हणालो. मात्र ट्रेलरचे ओझे कंपनीच्या पुस्तकात दिले आहे त्याच्या आत हवे. कूलर लावला म्हणून ओढायची ताकद वाढत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्या.

बसवताना कुठे चुकते ते जरा सविस्तर सांगतो, कारण नुकसान तिथेच होते.

गिअरबॉक्सवरून दोन नळ्या कूलरकडे जातात. एकीतून गरम ऑईल जाते, दुसरीतून परत येते. जादा कूलर परतीच्या नळीवर बसवायचा. म्हणजे ऑईल आधी कंपनीच्या कूलरमधून आणि मग वाऱ्याच्या कूलरमधून जाऊन गिअरबॉक्सला यायला हवे. उलटे बसवले तर वाऱ्याने थंड केलेले ऑईल आपण पुन्हा नव्वदच्या पाण्यात बुडवून गरम करून घेतो. शिवाय थंडीच्या पहाटे कंपनीचा कूलरच इंजिनाच्या उबेने ऑईल लवकर पातळ करतो, तो फायदा सोडू नये. काहीजण कंपनीचा कूलर बाजूला काढून टाकतात. त्याला एकच सबळ कारण आहे. जुन्या रेडिएटरच्या आतली नळी फुटली तर पाणी आणि ऑईल एक होऊन गुलाबी लस्सीसारखे होते आणि गिअरबॉक्सचे क्लच खलास होतात. पण तसा संशय असला तर रेडिएटर बदला, तेच बरे.

कूलरची जागा रेडिएटरच्या आणि एसीच्या जाळीच्या पुढे, जिथे समोरून वारा लागतो तिथे. जाळीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून तो टांगू नये. हादऱ्याने घासून घासून दोन्ही जाळ्यांना भोके पडतात. लोखंडी पट्टीच्या ब्रॅकेटवर नटबोल्टने पक्का करावा. शक्य तर नळ्यांची तोंडे वरच्या बाजूला ठेवावीत, म्हणजे आत हवा अडकत नाही. घडीव पट्ट्यांचा कूलर नुसत्या वाकवलेल्या नळीच्या कूलरपेक्षा महाग, पण त्याच आकारात काम जास्त करतो आणि ऑईलला अडवतही कमी.

होज पाईप गिअर ऑईलच्या तापाला आणि दाबाला चालणाराच घ्यावा. हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याच गाडीला तालुक्याच्या गावी एका गॅरेजात कूलर बसवला. कारागिराने डिझेलचा साधा रबरी पाईप आणि एकेक क्लिप लावून दिली. मीही पाहिले नाही, काम झाले म्हणून चहा पिऊन निघालो. घाटाच्या तिसऱ्या वळणावर पाईप निसटला. ऑईल सगळे रस्त्यावर. मागे मोटारसायकलवर नवरा-बायको आणि पोर होते, ते त्या ऑईलवर घसरले. देवदयेने खरचटण्यावर निभावले. गाडीपेक्षा त्या पोराच्या रडण्याने मला जास्त धडा दिला. तेव्हापासून मी पाईपावरचा छाप वाचल्याशिवाय आणि जोडाच्या तोंडाला उठाव आहे की नाही हे बोट फिरवून पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. पाईप गरम सायलेन्सरपासून आणि पंख्यापासून दूर बांधावा.

काम झाल्यावर इंजिन चालू करून सगळे जोड कोरड्या कापडाने पुसून पाहावेत. नवीन कूलर आणि पाईप यांत थोडे ऑईल जाते, तेवढे भरावे लागते. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांना ऑईल मोजायची कांडीच नसते. गाडी सपाटीला उभी करून, ऑईल ठरावीक तापमानावर असताना बाजूचा बोल्ट काढून पातळी पाहतात. ते अंदाजाने करायचे काम नव्हे. ऑईल पुस्तकात लिहिलेल्या जातीचेच हवे, "लाल आहे ना, चालतंय" हे चालत नाही. आणि जमले तर ऑईलचे तापमान दाखवणारे मीटर बसवा. मीटर असले की चढावर काटा वर जाताना दिसतो, खालचा गिअर घ्यायचा की दहा मिनिटे थांबायचे ते ठरवता येते. थांबलात तर इंजिन लगेच बंद करू नका. गिअर न्यूट्रलला टाकून, हँडब्रेक लावून ते चालू ठेवा, म्हणजे ऑईल फिरत राहून निवते.

ट्रॅक्टरवाल्यांना मी सरळ नाही म्हणालो. काही मोठ्या ट्रॅक्टरांना कंपनीचाच ऑईल कूलर असतो, त्याची जाळी स्वच्छ ठेवा. बाकी साध्या गिअरच्या ट्रॅक्टरची पेटी हाताला चटका देण्याइतकी तापत असेल तर कारण दुसरे शोधा. लिफ्टचे किंवा टिपिंगचे लिव्हर दाबून राहिले असेल तर पंप रिलीफ व्हॉल्व्हमधून सारखे ऑईल फेकतो. बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, तोच ताप. अनेक ट्रॅक्टरांचे ब्रेक त्याच ऑईलमध्ये बुडालेले असतात. ब्रेक जास्त आवळलेला असला किंवा उतारावर चालकाने पाय ब्रेकवरच ठेवला तर ऑईल उकळायला वेळ लागत नाही. उतार खालच्या गिअरमध्ये उतरावा. ऑईल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. दोन ट्रॉल्यांवर किती ऊस भरायचा हे मी इथे लिहीत नाही, ते वजनकाट्यावर सगळ्यांना कळते.

राहिला तोडणी यंत्राचा मालक. या यंत्रात गिअरचा भाग नावापुरता. चाके, तळचे पाते, तुकडे करणारा ड्रम, पंखा, एलिव्हेटर, जवळपास सगळे ऑईलच्या दाबावर फिरते. ऑईलवर चालणाऱ्या या पद्धतीत चौथा हिस्सा ताकद सहज उष्णतेत जाते. १७० अश्वशक्तीच्या इंजिनाला हा हिशेब तीस किलोवॉटच्या घरात, म्हणजे पंधरा गिझर. म्हणून कंपनी मोठा कूलर देतेच. ऑईल तापले की पातळ होते. ४६ नंबरचे हायड्रॉलिक ऑईल म्हणजे ४० अंशांना त्याचा दाटपणा ४६. शंभर अंशांना तेच सातच्या आसपास उतरते. मग पंपातून ते आतल्या आत निसटते, यंत्र मंदावते, निसटल्याने आणखी तापते. दुपारनंतर यंत्र दमल्यासारखे चालते ते यामुळे.

या पोराचेही तसेच होते. दुपारी दोनला तापमानाचा दिवा लागायचा, यंत्र तासभर फडात उभे. ऊस तोडायचा राहिलेला, वाहने रिकामी उभी, बँकेचा हप्ता डोक्यावर. दुसरा कूलर बसवून देतो म्हणून एकाने मोठा आकडा सांगितला होता. मी म्हटले, "थांब बाळ, आधी जाळी बघू." "साहेब, जाळी रोज धुतोय." खरोखर पुढून जाळी लखलखीत. पण या यंत्रात जाळ्या एकीमागे एक अशा बसवलेल्या असतात. बोल्ट काढून पुढची जाळी सरकवली तर दोन्हींच्या मध्ये पाचटाचा भुसा, धूळ आणि ऑईलचा ओलावा मिळून बोटभर जाडीचे घोंगडे तयार झालेले! वाऱ्याला वाटच नव्हती. रोज समोरून पाण्याचा जोरदार फवारा मारून तो घाण आत ढकलत होता आणि जाळीच्या पात्याही वाकवत होता.

कॉम्प्रेसरच्या हवेने आतल्या बाजूकडून बाहेर, म्हणजे वारा ज्या दिशेने जातो त्याच्या उलट फुंकून आम्ही ते काढले. पंख्याचा पट्टाही ढिला होता, तो ओढला. दुसरा कूलर त्याने घेतला नाही आणि घेऊही नये. अशा यंत्राच्या काही परतीच्या नळ्यांत दाब अगदी कमी राहावा लागतो. भलत्या नळीत कूलर घुसवून ऑईल अडवले तर मोटारीच्या शाफ्टचे सील बाहेर फेकले जाते. ज्याला नळ्यांचा नकाशा वाचता येत नाही त्याने तिथे हात घालू नये.

आता तो दर पाळीला, माणसे चहाला बसली की, जाळ्यांमधली फट फुंकून घेतो. वाहन विभागातला कॉम्प्रेसर हंगामात पहाटे पाचपासून चालू ठेवण्याची व्यवस्था केली आहे. तोडणी यंत्रवाल्या सभासदांनी जाळी फुंकण्यासाठी तो जरूर वापरावा, येताना जाळी सरकवण्यापुरते आपले पाने मात्र सोबत आणावेत.