ग्रास कटरची रेस मधूनच आपोआप वाढते? स्क्रू फिरवण्याआधी हे वाचा

गेल्या आठवड्यात आपल्या एका सभासदाचा फोन आला. बांधावरचं गवत कापताना त्यांनी रेस सोडली, तरी पातं फिरतच राहिलं. पाय थोडक्यात वाचला. दोनदा आयडलचा स्क्रू कमी करून घेतला होता. दोन दिवस मशीन बरं चाललं, मग परत तेच. आता सोयाबीन काढणीलाही बरेच जण हेच मशीन वापरतील, म्हणून आज पिकाऐवजी मशीनचा सल्ला.

*असं का होतं?*
ग्रास कटरमध्ये सेंट्रिफ्युगल क्लच असतो. इंजिन हळू असताना क्लचचे शू आत राहतात आणि पातं थांबलेलं असतं. वेग वाढला की शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला पकडतात आणि पातं फिरतं. म्हणजे रेस सोडूनही इंजिन जोरात असेल, तर पातं थांबणार नाही.

स्क्रू आपोआप दिवसातून चार वेळा आत-बाहेर होत नाही. त्यामुळे *कधी होतं, कधी नाही* असा बिघाड असेल तर दोष बहुतेक वेळा दुसरीकडे असतो. तो न शोधता स्क्रू कमी केला, की थंड मशीन बंद पडतं आणि गरम झाल्यावर रेस परत चढते.

*आधी एवढं बघा: रेस नेमकी कधी चढते?*
▪️ दांडा वळवला की चढते → रेसची वायर
▪️ १५-२० मिनिटं चालून गरम झाल्यावर → कार्बोरेटरजवळ हवा शिरते
▪️ टाकी संपत आल्यावर किंवा मशीन तिरकं केल्यावर → पेट्रोल कमी पोचतंय

*तपासणी (याच क्रमाने)*

*१) रेसची वायर.* इंजिन बंद ठेवा. ट्रिगर दाबून सोडा. कार्बोरेटरवरचा लिव्हर टक्कन मागे येऊन स्क्रूला टेकला पाहिजे. दांडा इकडे-तिकडे वळवून पुन्हा बघा. ट्रिगरला थोडी ढील हवीच. वायर ताणलेली, मुडपलेली किंवा आत माती गेलेली असेल तर साफ करा, नाहीतर बदला. चोकही पूर्ण उघडा आहे ना, ते बघा.

*२) चोकची परीक्षा.* पातं काढून ठेवा. गरम इंजिन आयडलवर असताना रेस चढली, की चोक हळूच थोडा लावा. रेस खाली येऊन इंजिन स्थिर झालं, तर मिश्रणात हवा जास्त किंवा पेट्रोल कमी आहे. इंजिन अडखळून धूर सोडायला लागलं, तर मिश्रण ठीक असावं. वायर परत तपासा.

*३) हवा कुठून शिरते?* कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यातले स्क्रू थरथरीने ढिले होतात. थंड इंजिनवर ते आवळा. पॅकिंग फाटलं असेल तर नवीन टाका. गळती शोधायला गरम इंजिनवर पेट्रोल अजिबात मारू नका, भडका उडेल.

*४) पेट्रोलची वाट.* टाकीचं झाकण थोडं ढिलं करून बघा. रेस सुधारली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय. टाकीतला फिल्टर आणि नळीवरच्या चिरा बघा. नळी कडक झाली असेल तर बदला.

एअर फिल्टर चोंदला तर धूर वाढतो, ताकद कमी होते. रेस चढण्याचं ते कारण सहसा नसतं. तरी फिल्टर साफ ठेवा.

*५) सगळ्यात शेवटी स्क्रू.* वरचं सगळं नीट झाल्यावर, गरम इंजिनवर, पातं फिरणार नाही आणि इंजिन बंदही पडणार नाही इतकाच लावा. तरी रेस चढतेच, तर मेकॅनिककडे न्या आणि ती *कधी* चढते हे त्याला नक्की सांगा. क्रँकचं सील गेलं तरी हवा आत शिरते, ते काम घरी होत नाही.

*दुर्लक्ष का करू नये?*
टू-स्ट्रोक इंजिनला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळतं. पेट्रोल कमी पोचलं की ऑइलही कमी, पिस्टन जाम होतो. तेव्हा ऑइल पुस्तिकेतल्या प्रमाणातच घाला: २५:१ असेल तर लिटरला ४० मिली, ५०:१ असेल तर २० मिली. बहुतेक फोर-स्ट्रोक मशीनच्या पेट्रोलमध्ये ऑइल टाकायचं नसतं, पुस्तिकेत बघून घ्या.

आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल ओढतं. हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटरही कोरडा करा.

⚠️ *काम करताना रेस अडकली तर* मशीन खाली टाकू नका. पातं अंगापासून लांब धरून स्विच बंद करा. स्विच चालला नाही तर चोक पूर्ण ओढा. पातं पूर्ण थांबेपर्यंत हात लावू नका. रोज काम सुरू करण्याआधी स्विच चालतो का ते बघा.

काही अडलं तर आवाजासह छोटा व्हिडिओ पाठवा. रेस कधी चढते ते सोबत लिहा, म्हणजे नेमकं सांगता येईल.

– आपला कृषी सल्लागार