सार्टान औषधे आणि आपले क्षारकल्प

भाईंदरची मिठागरे सर्वपरिचित आहेत. त्यांच्या शेजारी घोडबंदर परिसरात चिकित्सा करणारे वैद्यही उच्च रक्तदाबाच्या रुग्णास प्रथम मीठ कमी करण्यास सांगतात. अशा रुग्णांच्या चिठ्ठीवर बहुधा लोसार्टान वा टेल्मिसार्टान हे नाव असते. या औषधांचे कार्य जाणल्यास आपल्याच काही कल्पांबाबत कोणती दक्षता हवी, हे स्पष्ट होते.

वृक्कांकडील रक्तप्रवाह वा शरीरातील सोडियम घटले की वृक्कांतून रेनिन स्रवते. यकृतात तयार झालेल्या अँजिओटेन्सिनोजेनपासून त्यामुळे अँजिओटेन्सिन-१ बनते व त्याचे रूपांतर, विशेषतः फुप्फुसांत, अँजिओटेन्सिन-२ मध्ये होते. हे द्रव्य धमनीभित्तीतील ग्राहींना, म्हणजेच रिसेप्टरांना, जोडले गेले की धमन्या आकुंचन पावतात. शिवाय त्याच्या प्रेरणेने अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरोन स्रवते. परिणामी वृक्क सोडियम व जल धरून ठेवतात आणि पोटॅशियम मूत्रावाटे बाहेर टाकतात.

सार्टान औषधे हीच ग्राही अडवून ठेवतात. अँजिओटेन्सिन-२ तयार होते, पण त्यास कार्य करता येत नाही. धमन्या शिथिल होऊन रक्तदाब उतरतो. सर्पगंधेचा मार्ग निराळा आहे. ती नाडीतंतूंच्या टोकांवर कार्य करते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिची रक्तदाबावरील उपयुक्तता जगापुढे मांडली. मार्ग भिन्न असले तरी दोन्ही औषधे एकत्र दिल्यास रक्तदाब प्रमाणाबाहेर उतरू शकतो.

याहून दुर्लक्षित बाब पोटॅशियमची. अल्डोस्टेरोन घटल्याने ते शरीरात साठू शकते. श्वेतपर्पटीतील सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. यवक्षारातही पोटॅशियमची लवणे प्रमुख असतात. अश्मरी व मूत्रकृच्छ्रात हे कल्प आपण सहज योजतो. त्यात रुग्ण रोज शहाळे पीत असेल, किंवा पोटॅशियम क्लोराइडयुक्त 'कमी सोडियमचे मीठ' वापरत असेल, तर भर पडते. वृक्कविकार वा मधुमेह असल्यास हृदयगती बिघडून प्राणावर बेतू शकते आणि पूर्वलक्षणे दिसतीलच असे नाही.

म्हणून क्षारकल्प देण्यापूर्वी रुग्णाची चालू औषधे विचारावीत. क्रिएटिनिन व पोटॅशियमचा अलीकडचा अहवाल पाहावा. वेदनाशामक गोळ्यांनीही हा धोका वाढतो, हे औषधविक्रेत्यांनी ध्यानी ठेवावे. गर्भवतीस सार्टान निषिद्ध आहे. अशी रुग्णा आढळल्यास तिला त्वरित तिच्या डॉक्टरांकडे पाठवावे. एरवीही चालू सार्टान त्यांच्या सल्ल्यावाचून बंद करू नये. चिकित्सापत्रावर दोन्ही शास्त्रांची औषधे एकत्र नोंदविणे, हा यावरील सर्वांत सोपा उपाय होय.