डँगनचे वेलस्ली

वेलस्ली हे आडनाव आपल्याला ठाऊक आहे ते वसईच्या तहामुळे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौज पत्करली आणि वर्षभरात अहमदनगरचा किल्ला, असई व आडगावची मैदाने, शेवटी गाविलगड, सारे हातचे गेले. कलकत्त्याहून डाव मांडणारा गव्हर्नर जनरल रिचर्ड आणि रणात तो तडीस नेणारा आर्थर हे सख्खे भाऊ. त्यांना आपण सरसकट इंग्रज म्हणतो. पण ते आयर्लंडचे होते, आणि हे ध्यानात घेतल्याशिवाय ब्रिटिश राजकारणातली त्यांची कामगिरी उलगडत नाही.

घराण्याचे मूळ आडनाव कॉली. १७२८ मध्ये त्यांच्या आजोबांना मीथ परगण्यातली डँगनची जहागीर वारशाने मिळाली, तिच्याबरोबर वेस्ली हे आडनावही आले. त्याचेच पुढे वेलस्ली झाले. कॅथलिक रयत आणि प्रॉटेस्टंट जमीनदार असा तो मुलूख. वडील, मॉर्निंग्टनचे अर्ल, संगीतकार होते. १७८१ मध्ये ते वारले आणि कर्जाचा बोजा ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या रिचर्डवर पडला. आर्थरची सुरुवात घरच्याच ट्रिम मतदारसंघातून झाली. १७९० मध्ये तो डब्लिनच्या संसदेत गेला.

टिपूच्या पाडावानंतर रिचर्डला मार्क्विस ही पदवी मिळाली, पण आयर्लंडची. इंग्लंडच्या सरदारांच्या पंगतीत आपले पान खाली मांडले, ही सल त्याला फार बोचली. तरी घराणे चढतच गेले. त्यांचा भाऊ विल्यम याच्याकडे टांकसाळ आली, आणखी एक भाऊ हेन्री माद्रिद, व्हिएन्ना, पॅरिस इथे राजदूत झाला; १८२८ पर्यंत चार भाऊ लॉर्ड्सच्या सभागृहात होते.

त्याच वर्षी आर्थर, म्हणजे वेलिंग्टनचा ड्यूक, पंतप्रधान झाला. रिचर्ड तेव्हा आयर्लंडचा व्हाइसरॉय होता. कॅथलिकांना संसदेत बसू द्यावे, हे त्याचे जुने मत. १८२५ मध्ये त्याने एका कॅथलिक विधवेशी लग्नही केले होते. याला विरोध करणारे भावाचे सरकार त्याला मान्य होईना. त्याने पद सोडले आणि लॉर्ड्समध्ये दोघे भाऊ या प्रश्नावर समोरासमोर उभे राहिले. जुलैत आयर्लंडमधल्या क्लेअरची पोटनिवडणूक कॅथलिकांचा पुढारी डॅनियल ओकॉनेल याने जिंकली. कॅथलिक असल्याने त्याला शपथ घेता येईना. आयर्लंड पेटेल, हे आर्थरने ओळखले. तो स्वतः तिथे चीफ सेक्रेटरी राहिलेला होता. त्याने आपले मत फिरवले, राजा चौथ्या जॉर्जला नमवले, गृहमंत्री पीलला बरोबर घेतले. विश्वासघाताचा आरोप करणाऱ्या लॉर्ड विंचिल्सीशी तो पंतप्रधान असताना बॅटरसीच्या मैदानावर पिस्तुलाने द्वंद्व लढला. एप्रिल १८२९ मध्ये कॅथलिकांना संसद खुली करणारा कायदा झाला. असईपेक्षा मला त्याचे हे धैर्य मोठे वाटते.

पण त्याच्याच जोडीला दुसरा कायदा आला. आयर्लंडच्या परगण्यांत मताधिकाराची अट ४० शिलिंगांच्या जमिनीवरून १० पौंडांवर नेली गेली. ज्या गरीब कुळांनी जमीनदारांचा रोष पत्करून ओकॉनेलला निवडून दिले, त्यांचीच मते गेली. हे मला माफ करण्याजोगे वाटत नाही. जमीनदाराच्या घरातला माणूस तिथे बोलला.

नोव्हेंबर १८३० मध्ये मतदारसंघांची फेररचना साफ नाकारून आर्थरने आपले सरकार घालवले. व्हिग पक्षाने १८३३ मध्ये रिचर्डला पुन्हा डब्लिनला धाडले. पुढच्याच वर्षी राजा चौथ्या विल्यमने व्हिग मंत्रिमंडळ काढले, काही आठवडे कारभार आर्थरच्या हाती आला, आणि त्या सत्तापालटात थोरल्या भावाने व्हाइसरॉयपद दुसऱ्यांदा सोडले.