मोटार स्कूटरच्या डिस्क ब्रेकमधील पॅड व रोटर यांची झीज : एक विवेचन

ब्रेक लावणे म्हणजे गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करणे होय. चालकासह १८० किलोग्रॅम वस्तुमानाची स्कूटर ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबविताना सुमारे २५,००० ज्यूल ऊर्जेची विल्हेवाट लावावी लागते; ताशी ३० किलोमीटरला ती केवळ एक चतुर्थांश असते. झिजेचे मूळ या वर्गसंबंधात आहे.

स्कूटरमध्ये बहुधा एका पिस्टनचे सरकते कॅलिपर असते. पिस्टन आपल्या बाजूचा पॅड रोटरवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने कॅलिपर सरकून दुसऱ्या बाजूचा पॅड ओढून घेतो. हे सरकणे ज्या पिनांवर अवलंबून असते त्या धुळीने जाम झाल्यास पिस्टनकडील पॅड अधिक झिजतो. सहज दिसणाऱ्या एकाच पॅडवरून निष्कर्ष काढणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

पॅड झिजला की पिस्टन पुढे येतो, मागील पोकळीत ब्रेक ऑइल उतरते आणि टाकीतील पातळी घटते. ही घट म्हणजे गळतीच असे नव्हे. अनेक जण (प्रस्तुत लेखकही त्यांपैकीच एक) नुसते ऑइल भरतात व झिजेची सूचनाच पुसून टाकतात. पुढे घर्षणद्रव्य संपते, पोलादी पाठपट्टी रोटरवर घासते, खरखर ऐकू येते. तोवर रोटरवर चर पडलेले असतात. जाडी त्यावर कोरलेल्या किमान मापाखाली गेल्यास तो बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना संयुक्त ब्रेक प्रणाली किंवा एबीएस अनिवार्य झाले. संयुक्त प्रणालीत डावा लिव्हर पुढील ब्रेकही लावतो. उजव्या लिव्हरला कधी हात न लावणाऱ्या चालकाचाही पुढील पॅड त्यामुळे झिजत असतो.